टाक आणि उचल

वानमेई पोस्टातून निवृत्त झाली तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीने सांगितलं होतं, की हात रिकामे ठेवू नकोस, रिकाम्या हातांना गंज चढतो. वानमेईने ते मनावर घेतलं. सकाळी देवळाच्या आवारात व्यायाम, थंडीच्या तोंडावर शेजाऱ्यांच्या अंगणात पर्सिमनची फळं वाळवणासाठी सोलायला मदत, आणि दुपारचं जेवण झालं की समाजमंदिर.

समाजमंदिरात शिनपू गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आवाज जमवायचं काम चालायचं. गावाची हाक्का बोली पोरांच्या तोंडून उतरत चालली होती. आजी काही बोलली की नातवंडं मान डोलवत आणि उत्तर शाळेच्या भाषेत देत. तेव्हा गावातल्या पाचसहा जणांनी ठरवलं, की जे बोलणारे उरलेत त्यांना बसवायचं, समोर माइक ठेवायचा आणि जे येईल ते येऊ द्यायचं. चहा खुडतानाची गाणी, सासवासुनांची भांडणं, पर्सिमन वाळवायची रीत, शिव्यासुद्धा.

संगणक दिला होता फान मिंगताओने. तो शिनचू शहरात संगणकाच्या चिपांच्या कारखान्यात इंजिनियर होता. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तशी नोकरी सोडून तो गावी परतला आणि त्यांची बाग बघू लागला. त्याची बहीण वानमेईच्या वर्गातली. त्यामुळे पन्नाशी उलटलेला मिंगताओ तिला अजूनही बहिणीचं बोट धरून मागे मागे येणारा पोरगाच वाटायचा. त्याने दिलेलं यंत्र जुनं होतं. चित्रांवर टिचक्या मारून काम करायचं म्हटलं तर धापा टाकायचं. म्हणून त्याने त्यावर नुसता काळा पडदा ठेवला. हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, काम झालं. वाऱ्याची घरघर काढ, आवाज वाढव, फाइल इकडची तिकडे ने, नको असलेली पूस.

बाकीच्यांनी त्या काळ्या पडद्याला लांबूनच हात जोडले. वानमेईला मात्र तो आवडला. पोस्टाच्या खिडकीत बसून तिला नेमकं बोलणाऱ्या गिऱ्हाइकांची सवय झाली होती. काय पाठवायचं, कुठे पाठवायचं, संपलं. हा पडदा तसाच होता. ती शिकली, आणि मग तिने शू दादांना शिकवलं. शू दादा म्हणजे शिनपू ते शिनचू या रस्त्यावर उभा जन्म बस चालवलेला माणूस. ते दोन बोटांनी टाइप करत आणि प्रत्येक एंटरला मान मागे घेत, समोरून ट्रक आल्यासारखी.

पुसायचा हुकूम होता आरएम. अक्षरं दोनच. मिंगताओने खबरदारी म्हणून असं करून ठेवलं होतं, की आरएम म्हटलं की यंत्राने प्रत्येक फाइलीमागे विचारायचं, पुसू का? पण एक आवाज साफ करायचा तर कच्चे तुकडे ढिगाने निघत. दर तुकड्याला ‘हो’ दाबता दाबता शू दादा वैतागले. मिंगताओला म्हणाले, तुझं हे यंत्र माझ्या सासूच्या वळणावर गेलंय, एकच गोष्ट शंभरदा विचारतं. मिंगताओ घाईत होता. तो हसला आणि म्हणाला, हुकमाला एफ जोडा, गप्प बसेल. यंत्र गप्प बसलं. तेव्हापासून सगळेच एफ जोडू लागले. वानमेईसुद्धा.

त्या दुपारी चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्याचा कोरडा वारा सुटला होता. गावभर अंगणांत बांबूच्या सुपांवर सोललेली पर्सिमन मांडलेली होती आणि जो तो तिथेच राबत होता. समाजमंदिरात वानमेई एकटी. जागा भरली म्हणून यंत्र कुरकुरायला लागलं, तेव्हा तिने ठरवलं की कच्चे तुकडे पुसून टाकू. त्यांची नावं ‘कच्चं’ या शब्दाने सुरू होत. म्हणजे हुकूम सोपा होता. आरएम, एफ, मग ‘कच्चं’, आणि त्याला चिकटून चांदणीची खूण. चिकटलेल्या चांदणीचा अर्थ, या शब्दाने सुरू होणारं सगळं. पण मधे एक मोकळी जागा पडली तर त्याच हुकमाचे दोन हुकूम होतात. एक, ‘कच्चं’ पूस. दुसरा, चांदणी पूस. आणि एकट्या चांदणीचा अर्थ, इथे जे जे काही आहे ते सगळं.

वानमेईचा अंगठा मोकळी जागा टाकणाऱ्या लांब पट्टीला लागला. तिच्या लक्षातही आलं नाही. तिने एंटर दाबलं.

यंत्र काहीच बोललं नाही. क्षणभर थांबलं, मग नवी ओळ पुढे करून आज्ञाधारक नोकरासारखं उभं राहिलं. वानमेईने सवयीने विचारलं, काय काय उरलंय ते दाखव. काहीच नाही. तिला वाटलं आपण भलत्याच फोल्डरमध्ये आहोत. तिने पुन्हा विचारलं. मग वरची, आपणच टाइप केलेली ओळ वाचली, आणि तिला ती मोकळी जागा दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी.  खिडकीबाहेर कुणीतरी सुपं उचलून उन्हात सरकवत होतं. तो आवाज तिला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

मिंगताओ बागेतून धावत आला तो पर्सिमनच्या चिकाने काळवंडलेले हात घेऊनच. वानमेईने काय झालं ते एका वाक्यात सांगितलं. तो ओरडला नाही. कशालाही हात लावू नका, एवढंच म्हणाला, यंत्र बंद केलं आणि काखेत मारून घरी घेऊन गेला. पुढचे काही दिवस वडिलांचं औषधपाणी आणि बाग सांभाळून तो पुसलेल्यातून जे निघेल ते उपसत बसला. चांद्र नववर्षाच्या सुमारास त्याने सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून घरी ठेवली होती, ती शाबूत होती. त्यानंतर मात्र दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणत राहिला होता. त्यामुळे वसंतापासून शरदापर्यंत जे काही जमवलं होतं त्याच्या फक्त चिंध्या हाती आल्या. कुणाचं अर्धं वाक्य, कुणाचं सुरुवात नसलेलं हसू, कुठे नुसताच कोंबडा.

हे सांगायला तो वानमेईच्या घरी आला. तिने चहा केला, त्याचं ऐकून घेतलं, आणि उद्यापासून मी येणार नाही असं सांगितलं. पोस्टात इतकी वर्षं काढली, एक पाकीट हरवलं नाही, आणि म्हातारपणी गावाचं बोलणंच हरवून बसले, असं ती म्हणाली.

“ताई, सुरीला मूठच नव्हती,” मिंगताओ म्हणाला. “मूठ बसवायचं काम माझं. ते मी केलं नाहीच, वर सांगितलं की जोरात कापा. आता रक्त आलं तर हाताला बोल लावायचा का?”

“हात तर माझाच होता ना.”

“होता. आणि तो मला लागणार आहे. यंत्राला मूठ बसवायची तर हात कुठून सटकतो ते मला कसं कळणार? मला सगळं येतं, तीच तर अडचण आहे. तुम्ही या. माझ्यासाठी या.”

 वानमेईच्या मनात दुसरंच चाललं होतं. वसंतात आणि उन्हाळ्यात जे जे येऊन बोलून गेले त्यांची तोंडं ती एकेक करून आठवत होती. बहुतेक सगळे हयात होते. हातापाया पडून पुन्हा बोलवता आले असते. एक सोडून. गू आजोबा सातव्या महिन्यात गेले होते.

गू आजोबा चहाच्या मळ्यांतली नाटकं करणाऱ्या फिरत्या मंडळीत दोन तारांची सारंगी वाजवायचे. त्यांची मुलगी बाओचू बाजारपेठेत तांदळाच्या चपट्या शेवयांचं दुकान चालवायची. वानमेई गिऱ्हाइकं ओसरल्यावर गेली. बाओचू उद्यासाठी पातीचा कांदा चिरत होती. वानमेई उभ्याउभ्याच बोलली. तिने काही लपवलं नाही आणि यंत्रावरही ढकललं नाही. तुझ्या वडिलांचा आवाज माझ्या हातून पुसला गेला, आणि तो परत येणार नाही, असं तिने सांगितलं.

बाओचूचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले, आधीपेक्षा जोरात.  शेवटी ती पाटाकडे बघतच म्हणाली, की मी ऐकायला येणारच होते, रोज म्हणायचे उद्या जाईन, पण धीर व्हायचा नाही. वाटायचं, आहे ना तिथे, जातोय कुठे.

 वानमेई जायला वळली.

“थांबा, ताई,” बाओचू म्हणाली. “तुम्ही ऐकलं होतंत ना ते?”

वानमेईने ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं. आजोबांच्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर होती, आणि ती काढायला म्हणून वानमेई कानाला हेडफोन लावून ते पुन्हा पुन्हा मागेपुढे करत आठवडाभर बसली होती. आजोबा कुठे श्वास घेतात तेसुद्धा तिला पाठ झालं होतं.

“मग सांगा मला,” बाओचू म्हणाली आणि तिने स्टूल पुढे सरकवलं.

वानमेई बसली. आधी अडखळली, आणि मग तिच्या तोंडून आजोबांचीच वाक्यं यायला लागली, त्यांच्याच क्रमाने. एका वर्षी डोंगरातल्या गावात नाटक चालू असताना वादळ आलं. मांडवाचे खांब हलायला लागले. लोक पळाले नाहीत. पुढे आले आणि त्यांनी खांब खांद्यावर धरले, की नाटक अर्धवट राहता कामा नये. आजोबांनीही सारंगी खाली ठेवून खांब धरला. पाणी घोट्यापर्यंत चढलं. सारंगी वाहून जाणार तेवढ्यात कुणा मुलीने ती उचलली आणि डोक्यावर धरून उभी राहिली, शेवटचा प्रवेश संपेपर्यंत. मग त्यांच्या हातात दिली आणि निघून गेली. बोलली एक अक्षर नाही.

“इथे त्यांनी पाणी प्यायलं,” वानमेई म्हणाली. “पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज होता. मग जरा हसले. मग म्हणाले, पुढच्या वर्षी मंडळी दुसरीकडे चालली होती, मी मालकाशी भांडून त्याच गावाला न्यायला लावली.”

बाओचूने मान वर केली. तिची आई त्या डोंगरातल्याच गावची. तिच्या घरी असं सांगत आले होते की आईवडिलांचं लग्न मध्यस्थाने जुळवलं. आई जाऊन वीस वर्षं झाली होती आणि दोघांपैकी एकानेही हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिने वानमेईला ते पुन्हा सांगायला लावलं. मग हातांना कांदा लागलेला म्हणून तिने कोपराने डोळे पुसले, आणि म्हणाली की कांदा फार उग्र आहे. त्या दिवशी तिने वानमेईला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निरोप देताना म्हणाली, की आवाज गेला त्याचं दुःख मला राहणार, खोटं कशाला सांगू, पण आज तुम्ही आला नसता तर ही गोष्ट मला कुठून कळली असती? आणि मग, दुकानाची फळी लावता लावता, की पुढच्या माणसाच्या बापाचं असं होणार नाही एवढं बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वानमेई समाजमंदिरात हजर होती.

मिंगताओने यंत्र परत आणलं होतं. त्याच्या मनात पहिला उपाय तयार होता. पुसण्याआधी यंत्र एकदाच, पण मोठ्या लाल अक्षरांत विचारेल. त्याने ते करून दाखवलं आणि शू दादांना बसवलं. शू दादांनी हुकूम दिला, लाल अक्षरं आली, आणि ती पुरती उमटायच्या आत दादांचं बोट ‘हो’वर पडलं. मिंगताओने विचारलं, काय लिहिलं होतं? दादांना सांगता येईना.

“अरे, बायको विचारते तेव्हासुद्धा मी आधी हो म्हणतो आणि मग काय विचारलं ते बघतो,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं संसार टिकलाय त्यावर.”

सगळे हसले, पण वानमेई विचारात पडली. ती म्हणाली, की पोस्टात पत्ता चुकलेलं, मालक न सापडलेलं पाकीट आम्ही फाडत नव्हतो. एक पेटी होती, तिच्यात टाकायचो. मुदत संपेपर्यंत तिथेच पडून असायचं, आणि कितीदा तरी माणूस धापा टाकत यायचा आणि आम्ही पेटीतून काढून द्यायचो. इथे तसं का नाही? नको असलेलं पुसायचंच कशाला, नजरेआड केलं की पुरे.

मिंगताओ म्हणाला की बरोबर आहे, बाहेर लोक असं करतातही, मलाच इथे गरज वाटली नव्हती. तो आरएमलाच ती पेटी जोडायला बसला, आणि अर्ध्यात थांबला. त्याला कारखान्यातली एक गोष्ट आठवली. तिथे एकाने आपल्या यंत्रावरचा आरएम असाच गरीब करून ठेवला होता. त्याच्या हाताला सवय लागली की आरएम काही खाऊन टाकत नाही. मग एकदा तो दुसऱ्याच्या यंत्रावर बसला, आणि तिथला आरएम गरीब नव्हता. इथल्या सापाचे दात काढले, मिंगताओ म्हणाला, तर माणसं बाहेरच्या सापालाही गोंजारायला जातील. त्यापेक्षा सापाला इथे जागाच नको.

म्हणून त्यांनी दोन नवे हुकूम केले, आणि त्यांना आपल्याच बोलीतले शब्द दिले. एक ‘टाक’, दुसरा ‘उचल’. टाक म्हटलं की फाइल पेटीत जायची. उचल म्हटलं की जिथली तिथे परत. आरएम म्हटलं तर यंत्र काहीही न करता सांगायचं, की हा शब्द इथे चालत नाही, टाक म्हणा. एकदोन फाइली असतील तर टाक काही विचारायचा नाही. उगीच विचारायचं नाही असं वानमेईने बजावलं होतं. सतत विचारणाऱ्याकडे माणूस लक्ष देत नाही, हे आपण बघितलंय ना. पण ढीगभर फाइली असतील तर मात्र यंत्र साध्या वाक्यात सांगणार, की तुम्ही इतकं टाकताय, आणि त्यातली चार नावं वाचून दाखवणार. ‘हो’ दाबून सुटका नाही, फोल्डरचं नाव हाताने टाइप करायचं. पेटी आपोआप रिकामी होणार नाही. वर्षातून एकदा, नववर्षाआधी घरं झाडतात तेव्हा, दोघांनी शेजारी बसून ती रिकामी करायची. आणि सगळ्याची वेगळी प्रत आता ठरल्या वेळी यंत्र स्वतःच काढणार होतं. ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणायची सोय मिंगताओने स्वतःलाही ठेवली नाही.

मग त्याने खोट्या फाइलींचं एक फोल्डर केलं, वानमेईला खुर्ची दिली, आणि म्हणाला की आता चुका करा, ताई.

पहिली चूक तिने एकेक अक्षर बघत सावकाश टाइप केली. तीच मोकळी जागा, तीच एकटी चांदणी. यंत्र थांबलं आणि म्हणालं, की तुम्ही इथलं सगळं टाकायला सांगताय.  दुसरी चूक तिने जरा धिटाईने केली. तिसरीपासून तिला रंग चढला. शू दादा शेजारी येऊन बसले आणि त्यांनी अशा काही चुका काढल्या की मिंगताओने डोक्याला हात लावला. एका चुकीने तर पेटीच पेटीत टाकली. मिंगताओ ते नीट करायचा आणि पुन्हा म्हणायचा, करा. संध्याकाळी तो निघाला तेव्हा वानमेईच्या लक्षात आलं, की दुपारभर आपण हसत होतो. सगळं पुसलं गेल्यापासून प्रथमच.

पुन्हा रेकॉर्डिंगला माणसं बोलवायची तर तिला वाटलं होतं, लोक तोंड फिरवतील. पण गावात बातमी आधीच पोचली होती. कुणी वाळलेली पर्सिमन घेऊन आलं, कुणी मुळ्याचं सारण भरलेले वाफवलेले तांदळाचे उंडे. ज्याला त्याला पहिल्या खेपेला सांगायचं राहून गेलेलं काहीतरी आठवलं होतं. नव्वदी पार केलेली लो आजी नातवाच्या स्कूटरवर मागे बसून आली. वानमेई तिच्यापुढे वाकून माफी मागायला लागली, तर आजी म्हणाली, “बरं झालं पुसलंस. तेव्हा माझी कवळी ढिली होती. गाण्यापेक्षा शिट्ट्याच जास्त वाजल्या.” आणि मग तिने चहा खुडतानाचं गाणं म्हटलं, मागच्यापेक्षा संथ, आणि मागच्या वेळी विसरलेलं एक कडवं घालून.

बाओचूही आली. तिने वानमेईलाच माइकसमोर बसवलं. वानमेईने गू आजोबांची गोष्ट सांगितली, पाणी प्यायल्याच्या जागेसकट, आणि आपण कोण, हे आपल्याला कसं ठाऊक, मूळ आवाज कसा गेला, तेही सांगितलं. बाओचू शेजारी बसली होती. मधेच म्हणाली, बाबा घरी ‘वादळ’ म्हणत नसत, ‘म्हातारा चिडला’ म्हणत. तेही रेकॉर्ड झालं.

हिवाळ्यात एका सकाळी शू दादांचा फोन आला. वानमेई पोचली तेव्हा ते टेबलापाशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. यंत्रात ‘जुनं’ नावाचं एक फोल्डर होतं. त्यांना वाटलं, जुनं म्हणजे कामातून गेलेलं. जागा अडवतंय, टाकून देऊ. यंत्राने विचारलं होतं. नावं दाखवली होती. त्यांनी सगळं वाचलं होतं, नीट, चष्मा लावून, आणि फोल्डरचं नाव टाइप केलं होतं. घाई नव्हती, अंगठा घसरला नव्हता. त्यांना खात्रीच होती. आणि एंटर दाबल्यावर त्यांना उमगलं, की मिंगताओच्या डिस्कवरून परत आणलेली पहिल्या वर्षांची सगळी रेकॉर्डिंग त्यातच होती.

मिंगताओकडे दुसरी प्रत होती, पण ते दादांना तेव्हा सुचलं नाही, आणि वानमेईलाही सुचलं नाही. तिने नुसतं टाइप केलं, उचल, जुनं. यंत्राने उत्तर दिलं, उचललं. तिने काय काय आहे ते दाखवायला सांगितलं, तर नावांची रांग खालपासून वरपर्यंत पळत गेली.

शू दादांनी चष्मा पुसला आणि ती नावं पुन्हा एकदा वाचली. 

“वानमेई,” ते म्हणाले, “तुझी चूक झाली नसती, तर आज माझी झाली असती. आणि मी तुझ्यासारखा बाओचूच्या दारात गेलो नसतो. घरात कडी लावून बसलो असतो.”

 वानमेई म्हणाली की पेटी मी नाही, मिंगताओने बनवली. दादा म्हणाले, त्याचे आभार त्याला सांगेन, हे तुझे आहेत, घे. मग त्यांनी पिशवीतून बायकोने दिलेला खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि टोपी घालून निघून गेले.

त्या दिवशी घरी जाताना वानमेईने मुद्दाम बाजारपेठेतला लांबचा रस्ता घेतला. वारा होता, पण तो आता तिला बोचत नव्हता. कितीतरी दिवसांनी तिला वाटलं की हे हात आपलेच आहेत आणि बरे आहेत. मिंगताओ ओरडला नाही, बाओचूने स्टूल पुढे केलं, म्हातारी माणसं थंडीत उठून पुन्हा आली. ह्यातलं काही तिने मागितलं नव्हतं. ती देवळासमोर थांबली, उदबत्ती लावली, आणि काही न मागताच घरी गेली.

मिंगताओने ते दोन हुकूम शेजारच्या गावांतल्या अशाच मंडळांना पाठवून दिले. एका गावाने ‘टाक’च्या जागी आपल्याकडचा शब्द घातला. चालेल का, असं विचारायला त्यांचा फोन आला, तो वानमेईने घेतला. ती म्हणाली, शब्द तुमचाच घाला, पण आधी आठवडाभर खोट्या फाइलींवर सगळ्यांना चुका करू द्या.

नववर्षाआधीच्या झाडलोटीत ठरल्याप्रमाणे दोघं पेटी रिकामी करायला बसली. मिंगताओ नावं वाचायचा, वानमेई मान हलवायची, आणि मग ते नाव जायचं. कच्चं, कच्चं, कच्चं. मधेच एक आलं, बिननावाचं, अगदी छोटं. कुणीतरी टाकलेलं. वानमेई म्हणाली, थांब, आधी ऐकू. लो आजीचा आवाज आला. ती नातवाला विचारत होती, की तो लाल दिवा लागलाय म्हणजे हे चालू झालं का? नातू म्हणाला, नाही, अजून नाही. त्यावर आजीने त्याला, तू तुझ्या आजोबांवरच गेलास असं म्हणून, तीन पिढ्यांचा उद्धार करणारी एक अस्सल शिवी घातली, जी आता गावात कुणाच्याच तोंडून ऐकू येत नाही.

दोघं खुर्चीत मागे रेलून हसली. मग वानमेईने पुढे होऊन टाइप केलं, उचल.